लंगोटबंद

सातारा, ता. ११ मे १९४३

श्री.

मायना लिहिलेला नाही. तुम्हाला आता काय म्हणून लिहायचं ते तुमच्या वस्तादांना विचारून कळवा.

तुम्ही मामंजींना धाडलेलं पत्र मी ऐकलं. मामंजींना अक्षर येत नाही, घरात वाचता येणारी मी एकटी, हे तुम्हाला ठाऊक होतं. म्हणून तुम्ही पाकीट शाळेच्या मास्तरांच्या पत्त्यावर धाडलंत. मास्तर ते घेऊन पारावर आले. मी घागर घेऊन तिथूनच चालले होते. मामंजी म्हणाले, "थांब गं, तुज्या नवऱ्याचं पत्र हाय, ऐकून जा." मी पदर सावरून उभी राहिले. मला पाचवा महिना होता. मला वाटलं, बाळंतपणाला येतो म्हणून लिहिलं असेल.

मास्तरांनी वाचलं. मला ते पाठ झालंय. "मी जोतीराम नाथाजी ढवळे गुरूच्या पायावर हात ठेवून लिहितो की, दिवाळीत मी दोन दिवस गावी आलो तो आईला भेटण्याकरिता आलो. ओसरीवर निजलो. माझी बायको विजयमाला हिच्या पोटी जे आहे त्याच्याशी माझा संबंध नाही. माझा लंगोट बंद आहे."

शेवटचं वाक्य मास्तरांना नीट लागलं नाही, म्हणून त्यांनी ते दोनदा वाचलं.

मामंजी उठून उभे राहिले आणि त्यांनी मला ऐकू जाईल असं विचारलं, "मास्तर, तारीख काय टाकलीया?" जसं काही तारखेत चूक निघाली तर सगळं मिटेल. मी घागर घेऊन घरी आले. एक थेंब सांडला नाही, हे मला आठवतंय.

ज्या आईला भेटायला तुम्ही आला होता, त्या आत्याबाई चुलीपुढं होत्या. त्यांना कळवायला बाया माझ्याआधीच पोचल्या होत्या. मी म्हणाले, "आत्याबाई, तुम्हाला ठाऊक आहे." दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी ओसरीवरचं घोंगडं त्यांनी स्वतःच्या हातानं उचललं होतं. रात्री घातलेली घडी तशीच्या तशी होती. ते घोंगडं कुणी उलगडलंच नव्हतं. त्यांनी ते उचललं, माझ्याकडं बघून हसल्या आणि कोनाड्यात ठेवलं. म्हणून म्हणाले, तुम्हाला ठाऊक आहे. त्या चुलीत फुंकत म्हणाल्या, "मला काय ठावं? मी काय राखण बसले व्हते व्हय?"

दुसऱ्या दिवशी माझी ट्रंक बैलगाडीत होती. विट्यापर्यंत गाडी, पुढं कोळशावरची मोटार. कराडपर्यंत मी धुरानं ओकत आले. साताऱ्यात लेकीला बघून आबा दारातून खाली उतरले. त्यांनी फक्त ट्रंक उतरवून घेतली.

तुम्ही विसरला असाल, म्हणून लिहिते. लग्नाला वर्ष झालं नव्हतं तेव्हा तुम्ही सांगलीला गुंडा वस्तादाच्या तालमीत गेलात. दांडपट्टा शिकून येतो म्हणालात. मी हौसेनं तुम्हाला दशम्या बांधून दिल्या. मग कळलं, सात वर्षं बायकोचं तोंड बघायचं नाही. कमरेच्या करगोट्याला सात गाठी, वर्षाला एक सुटायची. अंगातलं तेज डोळ्यांत चढतं, मग पट्टा आपली वाट आपण शोधतो, असं तुम्ही मला समजावलं होतं. नियम मोडला तर पट्टा उलटतो आणि मालकालाच खातो, हेही तुम्हीच सांगितलंत. तेव्हा मी सतरा वर्षांची होते. मला ते खरं वाटलं.

आबा तेव्हाच म्हणाले होते, "बसऱ्याच्या लढाईत आमच्या पलटणीत तीन लंगोटबंद पैलवान होते. गोळीनं तिघांस्नी बी काय इचारलं न्हाई." आणि वस्तादाची चार पोरं कशी झाली असं मी विचारलं तर म्हणाले, "मारुतीच्या घामातनं झाली असतील."

साडेतीन वर्षं मी वाट बघितली. दिवाळीला तुम्हीच दार वाजवलंत. मी तुम्हाला वस्तादाची आठवण करून दिली होती. तुम्ही काय म्हणालात ते मी कागदावर लिहीत नाही, आबा हे पत्र टाकायला नेणार आहेत.

मामंजींना दुसरं पत्र लिहा. दोन ओळी पुरे. मास्तरांच्या पत्त्यावर लिहा, पारावर वाचू दे.

विजयमाला


सातारा, ता. २२ ऑगस्ट १९४३

श्री.

तुमचं उत्तर आलं नाही. मुलगी झाली. आज एकविसावा दिवस.

तुम्हाला कळवायचं नव्हतं, पण आबा म्हणाले, कळवून ठेव, उद्या म्हणतील आम्हाला ठाऊक नव्हतं. तिचं नाव साळू ठेवलं. आबांच्या आईचं नाव होतं. बारशाला शेजारच्या पाच बाया बोलावल्या होत्या, तीन आल्या. पाळण्यात बापाचं नाव घ्यायची वेळ आली तेव्हा सुईण माझ्याकडं बघत राहिली. मी तुमचं नाव घेतलं. उखाणा न घालता, सरळ घेतलं. तेव्हापासून मला त्याची सवय लागली आहे.

जोतीराम, तिचे कान तुमच्यासारखे आहेत.

विजयमाला


सातारा, ता. १२ ऑगस्ट १९४४

श्री.

सांगलीला गणपतीत तुमच्या तालमीचे खेळ आहेत आणि पट्टा तुम्ही फिरवणार आहात, असं इथल्या एका माणसानं आबांना सांगितलं. तुमची पाच वर्षं झाल्याबद्दल वस्ताद तुम्हाला लोकांपुढं उभं करणार आहेत म्हणे. चांगली गोष्ट आहे.

मी येणार नाही. काळजी नसावी.

विजयमाला


ढवळेवाडी, ता. ९ ऑक्टोबर १९४४

श्री.

मिरजेच्या दवाखान्यातून लिहिलेलं तुमचं पत्र मिळालं. पाय घोट्याच्या वर काढावा लागला हे वाचलं. त्याआधी जखमेत पू झाला होता आणि तुम्ही नऊ दिवस तापात होतात, तेही वाचलं.

तुम्ही लिहिता, "तू दिवाळीला दार उघडलंस म्हणून हे झालं." दार तुमच्या बापाच्या घराचं होतं. ते मी कसं उघडलं नसतं?

मी खेळाला का आले, असं तुम्ही विचारता. मी गणपतीच्या दर्शनाला आले होते. साळूला वर्षाची झाल्यावर देवाच्या पायावर घालीन असं बोलले होते. तिथं गर्दी लोटली, तिच्याबरोबर मी पुढं ढकलली गेले. पुढं आले तर दोरीपाशीच होते. मला मागं फिरता आलं नाही.

तुम्हाला त्यातलं काय आठवतं ते ठाऊक नाही, म्हणून मला दिसलं ते लिहिते.

आधी लाठ्या झाल्या, मग फरीगदगा. मग वस्ताद आखाड्यात आले आणि त्यांनी हात वर केला. गुटगुटीत माणूस. मला वाटलं होतं, उंच असेल. ते म्हणाले, "पाच वर्सं लंगोट बंद. ह्या गड्याच्या अंगाला बाईचा वारा लागलेला न्हाई. आता बघा तेज काय आसतं ते." लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही मारुतीला नमस्कार करून पट्टा हातात चढवलात.

तुमचा हात चांगला होता. मी पहिल्यांदाच बघत होते. जमिनीवर गोल मांडलेली लिंबं तुम्ही उड्या घेत एकामागून एक कापत गेलात, माती उडत नव्हती. माझ्या शेजारचा म्हातारा सारखा म्हणत होता, "लय भारी, लय भारी." मला रडू आलं. मला तुमचा अभिमान वाटला, हेही लिहिते.

मग तुम्ही वळलात आणि तुम्ही मला बघितलंत. साळू माझ्या कडेवर होती. तुमचा उजवा पाय पुढं पडायचा तो तिथंच राहिला, आणि पट्टा फिरून आला तो डाव्या पायाच्या टाचेवर. टाचेवरची शीर तुटल्याचा आवाज येतो. मला आधी ठाऊक नव्हतं.

वस्ताद तुमच्याकडं गेले नाहीत. आधी त्यांनी तुमची नजर कुठं आहे ते बघितलं, मग सरळ माझ्यापाशी आले. "कोन गं तू बाई?"

मी म्हणाले, "मी ह्यांची बायको. ही ह्यांची पोरगी. दिवाळीला घरी आले होते तेव्हाची. ह्यांचा लंगोट बंद नाही आणि तुमचं तेजबीज काही नाही. लोकांना खोटं सांगू नका."

वस्ताद क्षणभर थांबले. तुमच्या गुरूच्या डोक्याचं मला कौतुक वाटतं. तेवढ्यात त्यांनी सगळा विचार केला. मग त्यांनी लोकांकडं तोंड केलं आणि दोन्ही हात वर केले. "ऐकलं का मंडळी? ह्या गड्यानं गुरूला फशिवलं, पर पट्ट्याला फशिवता आलं न्हाई! पट्ट्यानं ओळखलं! हा बघा पुरावा, बाईच्या कडंवर हाय!"

जोतीराम, लोकांनी हात जोडले. तुमच्या रक्तात माती कालवून बायांनी पोरांच्या कपाळाला लावली. मी ओरडत होते, "अहो, तसं नाही, तसं नाही." कुणाला ऐकायचं होतं? त्या म्हाताऱ्यानं साळूच्या पायावर डोकं ठेवलं.

आठ दिवसांत मामंजी साताऱ्याला आले. हातात लुगडं-चोळी आणि पोरीला झबलं. आबांनी त्यांना बसा म्हटलं नाही. मामंजी दारातच म्हणाले, "सूनबाई, चल. वस्तादानं समद्या सांगलीम्होरं सांगितलं. आता कुनाचं काय म्हननं न्हाई."

"मी सांगितलं तेव्हा?"

"तू बाई मानूस," मामंजी म्हणाले. त्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही.

मी आले. साळूला गाव मिळालं, घर मिळालं. ज्या पारावर तुमचं पत्र वाचलं त्याच पारावर मास्तरांनी तिच्या हातावर खडीसाखर ठेवली. आत्याबाई आल्यागेल्याला सांगतात, "दिवाळीचं घोंगडं म्या स्वतः उचलल्यालं, घडी बी मोडली नव्हती." हे त्यांना आता आठवलं.

तुम्ही बरे झालात की घरी या. कुबड्या करून घेता येतील, असं सुतार म्हणाला.

विजयमाला


ढवळेवाडी, ता. ३ जुलै १९४६

श्री.

मामंजींचा दहावा काल झाला. पिंडाला कावळा शिवत नव्हता. तुमच्या नावानं पाणी सोडलं तरी शिवला नाही. शेवटी दर्भाचा कावळा केला.

मी तुम्हाला न्यायला आले होते ते ह्यासाठीच. तालमीच्या दारात तुम्ही मान खाली घालून बसला होता, म्हणून तुम्हाला जे दिसलं नाही ते मी लिहिते.

मी साळूला घेऊन सकाळी पोचले. नवी पोरं रांगेत उभी होती, अंगाला तेल, हातात लाल लंगोट. एकेकाला वस्ताद दाराशी आणत होते. दाराशी तुम्ही. वस्ताद म्हणायचे, "दाव." मग तुम्ही मांडीवरचं फडकं काढायचा. पोरगं तुटका पाय बघायचं आणि तुम्ही म्हणायचा, "मी गुरूला फशिवलं. बायकूकडं गेलो. पट्ट्यानं पाय खाल्ला." मग फडकं परत टाकायचा. पुढचा आला की पुन्हा. मी सात वेळा ऐकलं. तुमचा आवाज एकदाही हलला नाही. परवचा म्हणतात तसं.

सातव्यानंतर तुम्ही मला बघितलंत.

"मामंजी गेले," मी म्हणाले. "चला."

तुम्ही वस्तादाकडं बघितलंत. वस्ताद म्हणाले, "सात वर्सं प्रायश्चित्त हाय त्येचं. दोन झाली. मोडायचं आसंल तर त्येनं मोडावं, माजी ना न्हाई." आणि बाजूला झाले. तुम्ही हलला नाहीत. बाप मेला होता आणि तुम्ही एका गुटगुटीत माणसाच्या भुवईकडं बघत होता.

तेव्हा मी ते बोलले. इतकी माणसं होती म्हणून हळू बोलले. आज पुरं लिहिते.

मला गर्दीनं ढकललं नव्हतं. मी दर्शनाला आले नव्हते, गणपतीपर्यंत गेलेही नव्हते. खेळ सुरू व्हायच्या आधी दोन तास मी दोरीपाशी जागा धरून बसले होते. तुम्ही कुठल्या अंगाला तोंड करून उभे राहता ते मी तालमीतल्या एकाला विचारून घेतलं होतं. साताऱ्याहून निघायच्या आधी मी आबांना विचारलं होतं, "पट्टेवाल्याची नजर मोडली तर काय होतं?" आबा म्हणाले होते, "पाय जातो. दुसरं काय जानार?" त्यांना वाटलं, मी सहज विचारतेय.

तुम्ही वळेपर्यंत साळूच्या तोंडावर माझा पदर होता. तुम्ही वळलात तेव्हा मी तो काढला.

मला माहीत होतं की नियमबियम काही नाही. पण तुम्ही तो मानता हेही मला माहीत होतं. तुमच्या पत्रानं मला गाव सोडावं लागलं, त्यापेक्षा तुमचा पाय मोठा आहे असं मला तेव्हा वाटलं नाही. पाय इतका जाईल, असं वाटलं नव्हतं. एवढं लिहिते आणि पुढं काही लिहीत नाही, कारण ते खरं आहे की नाही हे माझं मलाच कळत नाही.

तालमीच्या दारात मी म्हणाले, "वस्तादाचा नियम मोडल्यानं काही झालेलं नाही. मी मुद्दाम पुढं उभी राहिले. तुम्ही माझ्याकडं बघावं म्हणून. तुमचा हात पाच वर्षांच्या घामानं तयार झाला होता, आणि एका नजरेनं चुकला. बाकी सगळं थोतांड आहे. उठा."

तुम्ही मांडीवरचं फडकं नीट केलंत. मग म्हणालात, "म्हंजी माजा पाय फुकट गेला म्हनायचा?"

मी साळूला जवळ ओढलं.

तुम्ही म्हणालात, "गुरूचा सबूद मोडला म्हनून गेला आसंल, तर त्येला काय तरी अर्थ हाय गं. तू म्हनतीस तसा आसंल, तर मी काय करू? सांग की. ह्यो उरल्याला पाय घिऊन मी काय करू?"

मी तुमच्या शेजारी खाली बसले. चार वर्षांनी तुमच्या अंगाचा वास आला. मी म्हणाले, "घरी चला. शेत आहे. साळू आहे."

साळू तुमच्या फडक्याकडं बघत होती. तिनं बोटानं ते उचललं. पाय बघून ती भ्याली नाही, तिनं मला विचारलं, "ह्यास्नी दुखतं का?" तुम्ही फडकं ओढून घेतलंत आणि तिच्या हातावर चापट मारलीत. जोरात नाही. पण तुमचा तिला झालेला पहिला स्पर्श तो.

मग तुम्ही मोठ्यानं म्हणालात, साऱ्या पोरांना ऐकू जाईल असं, "बाई खोटं बोलतीया. जा हितनं. पुन्यांदा असं बोलू नगंस."

आठवं पोरगं दाराशी आलं. वस्ताद म्हणाले, "दाव."

आम्ही दुपारच्या मोटारीनं परत आलो.

मी जे केलं त्याची माफी मागायला हे पत्र लिहिलेलं नाही. तुम्ही पारावर वाचायला धाडलेल्या चार ओळींची माफी मागाल तेव्हा मी माझ्या पदराची मागीन. पण एक गोष्ट तुम्ही मला सांगायला हवी होती, ती मीच सांगते. त्या दारात बसून तुम्ही सुखी आहात. तुमच्या तोंडावर मला ते दिसलं. दोन पायांवर असताना वस्तादाच्या तालमीत तुम्ही अनेकांतले एक होता. आता तुमच्यावाचून त्याचं एकही पोरगं दाराच्या आत जात नाही.

विजयमाला


ढवळेवाडी, ता. २९ मार्च १९४८

श्री.

पावणेदोन वर्षांत मी लिहिलं नाही, तुम्हीही लिहिलं नाही. आज एक गोष्ट झाली आहे, ती तुमच्याशिवाय कुणाला लिहिता येत नाही. आबा गेल्या थंडीत वारले.

आपल्या पलीकडच्या घरात गेल्या वैशाखात सून आली. राही नाव. सोळाची असेल. हसताना तोंडावर हात घेते. तिच्या नवऱ्याला पट्ट्याचं वेड लागलंय. शिमग्यात त्यानं गावात लाठी फिरवली, कुणीतरी म्हणालं, तुला गुंडा वस्तादाकडंच जायला पायजे, आणि झालं. सात वर्षं.

परवा दुपारी मी ओसरीवर डाळ निवडत होते. आत्याबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. आता त्यांना कमी दिसतं, पण ऐकू सगळं येतं. साळू पाटीवर तिचं पुरं नाव गिरवत होती. जूनमध्ये शाळेत घालायची आहे. मास्तरांनी रजिस्टरात नाव आत्ताच लिहून घेतलंय. साळूबाई जोतीराम ढवळे. लिहिताना ते म्हणाले, "हिच्या बापाची गोष्ट मी पोरांना नेहमी सांगतो."

राही आली. बसली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "आक्का, एक इचारू?"

"विचार की."

"ते खरं हाय का? लंगोटाचं? सात वर्सं बाईचं त्वांड बघितलं न्हाई तर हात चालतो, आन बघितलं तर पट्टा उलटतो, ते?" मी डाळीतला खडा शोधत राहिले. ती जवळ आली आणि हळू बोलायला लागली. "ते माजं ऐकत न्हाईत. सासरा ऐकत न्हाई. पर तुमी म्हनला तर ऐकतील. तुमच्या घरात घडल्यालं हाय, तुमी नुसतं न्हाई म्हना. मी त्यास्नी तुमच्या म्होरं आनते. तुमी एवढंच म्हना, की खोटं हाय. आक्का, मला लय भ्या वाटतंय."

आत्याबाईंनी मान वर केली. गुडघा चोळत होता तो त्यांचा हात थांबला.

जोतीराम, मला त्या वेळी काय काय आठवलं ते लिहीत बसत नाही. एवढंच कळलं की, मी खोटं म्हटलं तर संध्याकाळपर्यंत ते पारावर जाईल. पट्टा उलटत नसेल, तर तुमचा पाय तुटल्यानं काहीच ठरत नाही. मग वस्तादानं सगळ्या सांगलीपुढं सांगितलं तेही काही ठरत नाही. मग राहतं ते तुमचं पत्र, मास्तरांनी दोनदा वाचलेलं. आणि पाटीवरचं नाव.

आबा असते तर ते उठून तिच्या सासऱ्याच्या दारात गेले असते.

मी म्हणाले, "खरं हाय."

ती माझ्याकडं बघत राहिली. "सात वर्सं?"

"सात."

"तुमी कशी काढली, आक्का?"

"निघतात," मी म्हणाले.

तिनं वाकून माझ्या पायांना हात लावला. मी पाय मागं घेतले नाहीत. ती गेल्यावर आत्याबाई म्हणाल्या, "शानी झालीस." ह्या घरात मला दहा वर्षं होतील. त्यांनी मला दिलेली ही पहिली शाबासकी.

आज सकाळी तो निघाला. खांद्यावर वळकटी, हातात काठी. राही वेशीपर्यंत गेली नाही, तिला जाऊ दिलं नाही. ती त्यांच्या दारात उभी होती. त्याची वाट आपल्या दारावरूनच. माझ्यापासून चार हातांवरून तो गेला आणि मला म्हणाला, "येतो वयनी. जोतीरामदादास्नी काय निरोप?"

मी दारात साळूची वेणी घालत बसले होते. अजून एक शब्द बोलले असते तर तो थांबला असता. तो थांबलाच होता, निरोपासाठी.

मी म्हणाले, "काही नाही. जा."

राही दारातून बघत होती. वेणी अर्धी झाली होती, ती मी पुरी केली.

विजयमाला